लेपांटो जिंकूनही पवित्र संघ का मोडला? व्हेनिसने दगा दिला का?

७ ऑक्टोबर १५७१ ला ग्रीसच्या किनाऱ्यावर लेपांटोजवळ स्पेन, व्हेनिस आणि पोप यांच्या युतीने, म्हणजेच पवित्र संघाने, ऑटोमन तुर्कांच्या आरमाराचा धुव्वा उडवला आणि मार्च १५७३ मध्ये व्हेनिसने सुलतानाशी परस्पर तह केला. त्यामुळे संघ मोडल्याचं सगळं खापर व्हेनिसवर फुटतं. तुमच्या प्रश्नातही तोच सूर आहे. मला तो अन्याय वाटतो.

व्हेनिस या युतीत आलं ते आपलं सायप्रस बेट ऑटोमनांपासून वाचवायला. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला हवा होता उत्तर आफ्रिकेचा किनारा. पोप पाचवे पायस यांनी अनेक महिने खटपट करून मे १५७१ मध्ये दोघांना करारावर आणलं. खर्चाचे सहा वाटे झाले: तीन स्पेनचे, दोन व्हेनिसचे, एक पोपचा. मोहीम कुठे काढायची हे मात्र दरवर्षी नव्याने ठरवायचं होतं. खरी मेख इथेच होती.

एकमेकांवर विश्वास तर नव्हताच. व्हेनिसच्या जहाजांवर माणसं कमी, म्हणून त्यांवर स्पेनच्या पगारी शिपायांची भरती केली होती. लढाईला काही दिवस उरले असताना अशाच एका जहाजावर हाणामारी झाली आणि व्हेनिसचा सेनापती वेनिएर याने स्पेनच्या चाकरीतल्या कप्तानाला फासावर लटकवलं. संघाचा सरसेनापती, फिलिपचा सावत्र भाऊ डॉन जुआन इतका भडकला की आपसातच तोफा डागायची वेळ आली होती. पोपचा सेनापती कोलोना मध्ये पडला म्हणून निभावलं. तरी हीच माणसं पुढे खांद्याला खांदा लावून लढली, याचं मला आजही नवल वाटतं.

पण सायप्रसमधलं शेवटचं ठाणं, फामागुस्ता, ऑगस्टमध्येच पडलं होतं. ती बातमी आरमारापर्यंत लढाईच्या तोंडावर पोचली. म्हणजे ज्यासाठी व्हेनिस आलं, ते लेपांटोच्या आधीच गेलेलं! ऑटोमनांनी एका हिवाळ्यात नवं आरमार बांधलं. १ मे १५७२ ला पोप वारले. फ्रान्सच्या धास्तीने फिलिपने डॉन जुआनला ऐन मोहिमेच्या हंगामात सिसिलीतल्या मेसिनात अडकवून ठेवलं. इकडे पूर्वेकडचा व्यापार ठप्प, खजिना रिकामा. व्हेनिसने मग सायप्रसवर पाणी सोडलं, वर सुलतानाला तीन लाख डुकाट (सोन्याची नाणी) मोजले.

आणि स्पेन? १५७३ मध्ये डॉन जुआनने ट्यूनिस घेतलं, १५७४ मध्ये ते पुन्हा ऑटोमनांकडे गेलं. पुढे काही वर्षांतच फिलिपचे दूतही इस्तंबूलमध्ये युद्धबंदीची बोलणी करत होते.