साताऱ्यातल्या माणमध्ये साडेचार एकर कोरडवाहू जमीन आहे, आम्ही मुंबईत. दुष्काळात तग धरेल अशा कामांना अनुदान मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की दहिवडीजवळची जमीन चुलतभाऊ कसतो आणि तुम्ही इथे नोकरीला. शिवाय मुंबईतल्या तुमच्या ग्रामस्थ मंडळाला गावासाठी निधी आणता येईल का, हेही विचारलंय. दोन्ही होतं. मी माणचाच. वडील मशीद बंदरला माथाडी होते आणि आमच्या मंडळाचा मी बारा वर्षं खजिनदार आहे. घोडपदेवच्या खोलीत बसून हे कागद पुष्कळ वेळा भरलेत.

योजना नंतर बघा, आधी सातबारा काढा. मुंबईकरांचे अर्ज बहुतेक वेळा उताऱ्यावरच्या नावांपाशी अडतात. आमच्या उताऱ्यावर आजोबांच्या वारसांची नऊ नावं होती. सामाईक खातं असलं की बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. सह्या गोळा करत मी भांडुपला आत्याकडे गेलो. तिनं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, "माझं नाव कमी करतोयस का रे?" मी तिला तो दोनदा वाचून दाखवला. हे हक्कसोडपत्र नाही, फक्त शेततळ्यापुरती संमती आहे, तुझा हिस्सा जागच्या जागी राहतो, असं समजावलं. मग तिनं सही केली, चहा केला आणि विहिरीला पाणी आहे का ते विचारलं. तुमच्याकडेही अशी आत्या किंवा बहीण असणार. तिला नीट समजावूनच सही घ्या.

त्यानंतर चुलतभावाचा शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. २०२५ पासून कृषी योजनांना तो लागतोच. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. जमीन पाच एकरांच्या आत असल्यानं तुम्ही अल्पभूधारकांत बसता. ठिबक-तुषारला केंद्राच्या योजनेतून ५५ टक्के आणि राज्याची पूरक भर धरून एकूण ८० टक्के अनुदान मिळतं. हे ८० टक्के सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडाचे, दुकानदाराच्या बिलाचे नव्हेत. पैसे आधी खिशातून घालायचे, मोका तपासणी, म्हणजे रानात येऊन पाहणी, झाली की ते आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. आणि कृषी खात्याची पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय एक नळीसुद्धा विकत घेऊ नका. आम्ही पेरणी तोंडावर आली म्हणून घाई केली. विक्रेता म्हणाला, "होऊन जाईल." बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली आणि सगळा खर्च आमच्या अंगावर पडला.

वैयक्तिक शेततळ्याला मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आकारानुसार जास्तीत जास्त ७५,००० रुपये मिळतात. इथे माझं मत स्पष्ट आहे. शेततळं पावसाचं वाहतं पाणी अडवायला असतं. प्लास्टिक अंथरून बोअरचं पाणी त्यात साठवलं तर जमिनीखालचं, सगळ्या गावाचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि उन्हात वाफ होऊन जातं. माझ्या डोळ्यांदेखत शेजारच्या वस्तीच्या विहिरी अशा आटल्यात. तळ्याला इनलेट, म्हणजे ओघळीचं पाणी आत यायची वाट, नसेल तर खोदूच नका.

जवळच्या तलावातला गाळ शेतात टाकता येतो का, तेही पाहा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत २०२३ पासून लहान शेतकऱ्याला एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकरांच्या मर्यादेत, अनुदान आहे. मुरमाड रानाची ओल त्यानं जास्त दिवस टिकते. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाबद्दल ऐकलं असेल, पण २०१८ मध्ये सुरू झालेल्या त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांत सातारा नव्हता.

आता मंडळाचं. एकट्याच्या रानात कितीही केलं तरी डोंगरावरून पाणी सुसाट खाली येत असेल तर बांध फुटणारच. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग ओघळीत दगडी बांध आणि शेवटी ओढ्यावर बंधारा. आपल्या माणमधल्या टाकेवाडीनं पाणी फाउंडेशनच्या जलसंधारण स्पर्धेतला २०१८ चा वॉटर कप जिंकला तो याच क्रमानं घाम गाळून. अशा कामाला नाबार्डचा, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचा, पाणलोट विकास निधी आहे. नाबार्डचं मुख्य कार्यालय बीकेसीत असलं तरी अर्ज घेऊन तिथं जाऊ नका. साताऱ्याच्या जिल्हा विकास व्यवस्थापकांना भेटा. त्यांना गावाची पाणलोट समिती, सोबत काम करणारी संस्था आणि लोकांचं श्रमदान दिसावं लागतं. डोंगरावर चराईबंदी पाळायला गाव तयार आहे का, हा प्रश्न ग्रामसभेतच सोडवा. मेंढपाळांना विचारल्याशिवाय केलेली बंदी एका उन्हाळ्याच्या पुढे टिकत नाही.

दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे समाजकामासाठी त्यांनी खर्चायच्या पैशांची. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात आणि त्यांतल्या कितीतरींची मुख्यालयं मुंबईतच आहेत. पण मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. बहुतेक मंडळांकडे जत्रेच्या वर्गणीचा हिशेब सोडून काहीच नसतं. आमच्याकडेही नव्हतं. आम्ही अनुभवी संस्थेला पुढे केलं, मंडळानं लोकवाटा गोळा केला आणि १ मेच्या सुट्टीला दोन गाड्या भरून माणसं चर खणायला नेली. तुम्हीही तसंच करा, कागद जमवायला थांबलात तर दोन पावसाळे हातचे जातील.

उताऱ्यावर किती नावं आहेत आणि रानाच्या वर डोंगर आहे की माळ, एवढं खाली लिहा. त्यावरून तळं आधी की बांधबंदिस्ती, ते सांगता येईल.