आधी पाढा छापून बघ

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचीय ना, मग व्हिडिओ बाजूला ठेव आणि २९ चा पाढा छापणारा प्रोग्राम स्वतः टाइप कर. कॉपी-पेस्ट अजिबात नको. रेंजमध्ये, म्हणजे ओळीने आकडे देणाऱ्या आज्ञेत, १ आणि १० दिलेस तर पाढा ९ वरच थांबेल, कारण शेवटचा आकडा पायथॉन धरत नाही. तिथे ११ हवेत.

मग पाढा कितीचा हवा, ते वापरणाऱ्याला विचार. खरी गंमत इथे आहे. इनपुटमधून आलेला ७ पायथॉनच्या लेखी संख्या नसतो, मजकूर असतो. त्याला ३ ने गुणलंस की २१ ऐवजी ७७७ दिसेल! इंट, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणारी आज्ञा, लावलंस की सुटेल.

एरर आली तर सगळ्यात खालची ओळ आधी वाच. हे जमलं की लीप वर्ष ओळखणारा प्रोग्राम घे: २००० लीप, १९०० नाही. वर्ष लीप कधी असतं, ती अट कागदावर मांड, मगच कोड लिही.