वाटीचं माप, किलोची ऑर्डर

प्रश्न : आईच्या वहीत बेसनाच्या लाडवांचं प्रमाण असं आहे : बेसन ४ वाट्या, पिठीसाखर ३ वाट्या, तूप सव्वा वाटी. यंदा दिवाळीला पाच किलोची ऑर्डर आहे. वाटीभर बेसनाचं वजन नेटवर एका ठिकाणी ९० ग्रॅम दिसलं, दुसरीकडे १२०. सिडनीच्या लेकीलाही हेच प्रमाण हवंय. कुठला तक्ता खरा मानू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, एकही नको. ते तक्ते कपाचे असतात. अमेरिकेतला कप साधारण २४० मि.ली.चा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. तुमच्या आईची वाटी यांपैकी कुणाच्याच घरची नाही. ती वाटी अजून घरात असेल तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.

काट्यावर रिकामी वाटी ठेवा, टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मि.ली. समजा १५० आले. आता वाटी कोरडी पुसून बेसन भरा. इथेच सगळी गोम आहे. डब्यात वाटी खुपसून भरलेलं बेसन दाबलं जातं; चाळून चमच्याने अलगद सोडलेलं तेच बेसन बरंच कमी भरतं. नेटवरचे ते दोन आकडे दोघांच्या दोन सवयींचेही असू शकतात. शिवाय लाडू बेसन वेगळं, भज्यांचं बारीक बेसन वेगळं. म्हणून आई कशी भरायची ते आठवा : सपाट, की शिगोशीग? तशीच तीनदा भरा, तिन्ही वजनं लिहा आणि मधला आकडा धरा.

माझ्याकडच्या १५० मि.ली.च्या वाटीत लाडू बेसन, न दाबता सपाट भरलं, तर ७५ ग्रॅमच्या आसपास बसतं. पिठीसाखरही तेवढीच. पातळ केलेलं तूप १३५. म्हणजे तुमचं प्रमाण झालं बेसन ३०० ग्रॅम, साखर २२५, तूप १७०. एकूण ६९५. पाच किलोला सव्वासात पट पुरे, पण भाजताना थोडी घट होते आणि कढईलाही काही चिकटतं, म्हणून साडेसात पट घ्या : बेसन सव्वादोन किलो, साखर १ किलो ६९० ग्रॅम, तूप १ किलो २७५. हे आकडे माझ्या वाटीचे. तुमची वाटी मोजून तुमचे काढा.

साखरेचं मात्र एक सांगते. दाणेदार साखर त्याच वाटीत १२५-१३० ग्रॅम बसते आणि दळली की फुगून दीड वाटीच्या वर जाते. वजन तेच राहतं. म्हणून पिठीसाखर वाटीने मोजायच्या भानगडीत न पडता दाणेदार साखर वजन करून मगच मिक्सरला लावावी. तुपाचंही तसंच. रवाळ तूप शीग लावून घेतलं की सव्वाच्या दीड वाट्या कधी होतात ते कळतही नाही, आणि मग लाडू बसतात.

वेलचीपूड चमच्यानेच घाला. साधा काटा दोन-तीन ग्रॅमला भरवशाचा नसतो.

मापाने धान्य घेणाऱ्या आपल्या आज्यांना हे पाठ होतं. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचं वजन एक नसतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण त्या पाच किलोच्या ऑर्डरी घेत नव्हत्या.

लेकीला फक्त ग्रॅम कळवा, कप-चमचे नकोत. तिथला मोठा चमचा २० मि.ली.चा, आपल्या मापाच्या सेटमधला १५चा. आणि बेसन भारतीय दुकानातलं जाडसर बघून घे, असंही सांगा. बारीक मिळालं तर तूप जरा हात राखून घालायचं.