रुलेटमध्ये हरल्यावर डाव दुप्पट करत गेलं तर शेवटी जिंकतोच ना?

नाही. रुलेटमध्ये फिरत्या चाकावरची गोळी कुठल्या खाचेत पडेल यावर पैसे लावतात. युरोपियन चाकावर 37 खाचा असतात: 18 लाल, 18 काळ्या आणि शून्याची एक हिरवी. ही हिरवीच सगळा घोळ करते: ती आली की लाल आणि काळा दोन्ही हरतात. लालवर लावलेल्या दर 100 रुपयांमागे सरासरी 2 रुपये 70 पैसे कॅसिनोचे. डाव लहान लावा, मोठा लावा, दुप्पट करा. प्रत्येक रुपयाला हीच कात्री लागते. तोट्याच्या डावांची बेरीज तोटाच येणार.

100 पासून दुप्पट करत गेलात आणि सलग सात वेळा हरलात, तर 12,700 रुपये गेले. आठवा डाव 12,800 चा, आणि तो जिंकून निव्वळ नफा? फक्त 100! त्यातही बऱ्याचदा टेबलाची कमाल मर्यादा आडवी येतेच. सलग सात हार म्हणजे साधारण 106 त एकदा, फार दुर्मीळ नाही.

1913 साली मोंटे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग 26 वेळा आला. 'आता लाल येणारच' म्हणत लोक पैसे ओतत राहिले आणि बुडाले. चाकाला मागची फेरी आठवत नसते, हो.

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत जाणारच असाल, तर चाकावर शून्यं किती ते आधी बघा. दोन असतील तर कात्री 5 रुपये 26 पैशांची.