पिल्टोव्हर, झॉन आणि सवतीचा सुभा

प्रश्न असा आलाय की 'आर्केन' या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या पिल्टोव्हर आणि झॉन या दोन शहरांना मराठीत 'कट्टर प्रतिद्वंदी शहरं' म्हटलं तर चालेल का, की सरळ 'शत्रू शहरं' म्हणावं.

पहिलं म्हणजे 'प्रतिद्वंदी' असा शब्दच नाहीये हो. मूळ शब्द द्वंद्व, त्यात व दोनदा येतो, म्हणून प्रतिद्वंद्वी. हिंदी चॅनलवाल्यांनी त्यातला एक व गिळला, आपल्या क्रिकेटवाल्यांनी तो तसाच उचलला आणि आता गेमिंगच्या व्हिडिओंमधेही तोच ऐकायला मिळतो. बरं, व परत आणून बसवला तरी इथे तो शब्द शोभत नाही, कारण द्वंद्व म्हणजे जोडी, समोरासमोर उभे राहिलेले दोन गडी. पिल्टोव्हर वर उन्हात, झॉन खाली विषारी धुरात, एकाकडे राज्य चालवणारं कौन्सिल, हेक्सटेक नावाचं जादूवर चालणारं तंत्रज्ञान आणि शिपाई, दुसऱ्याकडे शिमर नावाचं जहाल औषध आणि ते विकणारे दादालोक, यात बरोबरीचं काय आहे? शत्रू, वैरी, स्पर्धक हे शब्द सगळ्यांना येतात, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. 'उभा दावा' हा चांगला शब्द आहे, पण तोही बाजूला ठेवू.

मला खरा मजेदार वाटतो तो 'सपत्न'. संस्कृतात सपत्न म्हणजे शत्रू, त्यातही सत्तेतला किंवा हक्कातला वाटेकरी शत्रू. आणि हा शब्द आला कुठून, तर सपत्नीवरून! सपत्नी म्हणजे जिचा नवरा आणि माझा नवरा एकच, म्हणजे सवत. एरवी पुल्लिंगी शब्द आधी असतो आणि त्याला ई लावून स्त्रीलिंगी करतात, इथे उलटं झालंय, बायकांच्या भांडणातला शब्द पुरुषांनी घेतला, त्याची ई काढून टाकली आणि राजेलोकांच्या वैराला लावला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 145वं सूक्त सवतीला हटवण्यासाठी आहे, त्यात बाई औषधी वनस्पती खणून काढते, आणि पुढे 166वं सूक्त सपत्नांना मारण्यासाठी आहे. दोन्ही एकापाठोपाठ वाचा, सूर एकच आहे. पाणिनीच्या सूत्रांवर टीका लिहिणारे काशिकाकार मात्र म्हणतात की सपत्न हा वेगळाच शब्द आहे, त्याला व्युत्पत्ती नाही, आणि मग हळूच जोडतात की 'दुसरे काही जण' तो सपत्नीवरून साधतात. हे दुसरे काही जणच बरोबर आहेत. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातही तेच आहे. शब्द समोर दिसत असताना 'अव्युत्पन्न' म्हणून हात झटकणं हा वैयाकरणांचा जुना आळस आहे.

गीता पाठ असणाऱ्यांनी दुसऱ्या अध्यायातला आठवा श्लोक आठवावा, अर्जुन म्हणतो की पृथ्वीवरचं 'असपत्न' समृद्ध राज्य मिळालं तरी माझा शोक जाणार नाही. असपत्न म्हणजे ज्याला दुसरा वाटेकरी नाही असं. आणि त्याचे वाटेकरी कोण होते? चुलतभाऊ. आता गंमत बघा, चुलतभावाला संस्कृतात भ्रातृव्य म्हणतात आणि वैदिक भाषेत याच शब्दाचा दुसरा अर्थ शत्रू! पाणिनीला यासाठी लागोपाठ दोन सूत्रं करावी लागली, एक नात्याच्या भ्रातृव्यासाठी आणि एक वैऱ्याच्या, 'व्यन् सपत्ने', म्हणजे फरक राहिला तो फक्त स्वराचा, उच्चारातल्या चढउताराचा. आपल्याकडे ज्याला भाऊबंदकी म्हणतात ती पाणिनीच्या आधीपासून चालू आहे. इंग्रजीतला रायव्हल पण याच जातीचा, लॅटिनमधे ओढ्याला रीवुस म्हणतात आणि एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे ते रीवालिस.

म्हणून पिल्टोव्हर-झॉनला सपत्न म्हणा असं मी म्हणतोय. नगरी स्त्रीलिंगी, तर सवती म्हणा, अजून छान. मालिका ज्या 'लीग ऑफ लेजंड्स' गेमवरून आली त्याच्या कथेत ही आधी दोन शहरं नव्हतीच, एकच जुनं बंदर होतं, दोन समुद्र जोडायला कालवा खणला, त्यात जमीन खचून वस्त्या बुडाल्या, माणसं मेली, आणि त्या कालव्याच्या जकातीवर वरचे लोक श्रीमंत झाले. एकच पिल्ट नदी, एकच कालवा, वाटणी मात्र वरच्यांच्याच बाजूने. याला आपले पेपरवाले 'सापत्न वागणूक' म्हणतात, आणि या एका बाबतीत पेपरवाले अगदी बरोबर आहेत.

आता सिल्को, झॉनच्या दादालोकांचा म्होरक्या. त्याला पिल्टोव्हर जिंकायचं नाहीये, त्याला झॉन हे वेगळं राष्ट्र हवंय. (ज्यांनी पहिला सीझन बघितला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडा.) कौन्सिल शेवटी तयारही होते आणि नेमकं तेव्हाच सिल्कोने सांभाळलेल्या जिंक्स या पोरीचं रॉकेट येऊन आदळतं. या मागणीला मराठीत अचूक शब्द आहे, सवतासुभा. सुभा अरबीतून फारसीमार्गे आला, मोगलांचा प्रांत, त्याबद्दल वाद नाही. वाद 'सवता'चा आहे. बहुतेक जण डोळे झाकून 'स्वतः'कडे बोट दाखवतात. माझं ठाम मत आहे की हा सवता सपत्नच आहे. शब्दाच्या मधला प मराठीत येताना व होतो, दीपकाचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं, सपत्नीची प्राकृतात सवत्ती आणि मराठीत सवत झाली, मग सपत्नाचा सवता व्हायला कोणाची परवानगी लागते? अर्थही बघा, नुसता 'स्वतःचा' सुभा असेल तर त्यात बिघडलं काय, सवतासुभा म्हणताना जो ठसका असतो तो मूळ घराशी फटकून वागण्याचा असतो. कोणी म्हणेल खेड्यात 'सवताचं घर' म्हणतात. म्हणतात ना, ते स्वतःचंच बोली रूप आहे, मला मान्य, पण तो शब्द वेगळा. कृपा करून सावता माळ्यांनाही यात ओढू नका, मागे एकांनी तेही करून बघितलं.

स्वतःवाल्यांना माझा एकच सवाल आहे. स्वतः हे अव्यय, त्याला ना लिंग ना वचन. सवता मात्र विशेषण आहे, सवता संसार, सवती चूल, सवतं बिऱ्हाड असं तो व्यवस्थित चालतो. अव्ययाला ही तीन लिंगं कुठून फुटली ते आधी सांगा, मग पुढे बोलू.