दाट तिथींमध्ये स्वतःचे दिवस कसे राखावेत?

लग्नसराईवर पोट असलेल्या नाशिक परिसरातील व्यावसायिकांचे काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. वेळ पुरत नाही, ही तक्रार सर्वांची आहे. पण लग्नाच्या दिवशीच्या धावपळीबद्दल त्यांपैकी कोणीही लिहिलेले नाही, कारण ती या मंडळींच्या अंगवळणी पडलेली असते. त्यांना थकवतात ते तिथीच्या आधी आणि नंतर लोंबकळत राहिलेले निर्णय.

प्रश्न : नाशिकरोडला माझा केटरिंगचा व्यवसाय आहे. हंगामात रात्री अकरा-बारापर्यंत फोन चालू असतात. कोणी मेन्यू बदलतो, कोणी पाने वाढवतो. फोन उचलला नाही तर ऑर्डर हातची जाईल, अशी भीती वाटते. घरी निवांत जेवायलाही बसता येत नाही.

उत्तर : गेल्या आठवड्यात रात्री नऊनंतर आलेले फोन एकदा तपासून पाहा. त्यांत नवी चौकशी क्वचितच सापडेल. बहुतेक फोन आगाऊ रक्कम देऊन मोकळ्या झालेल्या ग्राहकांचेच असतील. म्हणजे जी ऑर्डर जाण्याची भीती आपल्याला वाटते, ती आधीच आपल्या वहीत आहे. हे फोन येतात, कारण कोणता निर्णय कधीपर्यंत बदलता येईल, हे आपण त्यांना सांगितलेले नसते.

बुकिंगच्या कागदावर तीन तारखा लिहून त्याखाली सही घ्यावी : मेन्यू पंधरा दिवस आधी पक्का, पानांची संख्या आठ दिवस आधी पक्की आणि शेवटचा बदल तीन दिवस आधी, तोही दहा टक्क्यांपर्यंत वाढीचाच. त्याच कागदावर ग्राहकाकडील एकाच व्यक्तीचे नाव आणि नंबर असावा. वधूचे मामा एक सांगतात, वराचे काका दुसरे सांगतात आणि दोघांचेही ऐकणारा केटरर शेवटी दोघांच्याही शिव्या खातो.

सिन्नर किंवा निफाडकडच्या लग्नांत अख्ख्या गावाला आमंत्रण असते, त्यामुळे पानांचा अंदाज चुकणारच, हे मान्य आहे. पण तेथेही सर्व पदार्थ सारखे नसतात. कोठीत तांदूळ आणि डाळ असेल तर आचारी वरण-भात तासाभरात वाढवू शकतो. आदल्या दिवशी वळलेले लाडू मात्र ऐनवेळी वाढत नाहीत आणि वाढपीही आकाशातून पडत नाहीत. म्हणून ठरलेल्या संख्येपेक्षा पाने वाढली तर गोड पदार्थ ठरल्याइतकाच मिळेल आणि जास्तीच्या पानांचा दर वेगळा लागेल, हे आधीच लिहून द्यावे. एवढे केल्यानंतर रात्री नऊला कामाचा फोन व्यवस्थापकाच्या हाती द्यावा. अपवाद फक्त दुसऱ्या दिवशी ज्यांच्याकडे कार्य आहे, त्या घराचा.

प्रश्न : मी इंदिरानगरमध्ये ब्रायडल मेकअप करते. नात्यातल्या आणि ओळखीच्या मुली 'घरचेच आहे' म्हणून तिथीच्या दिवशीच बोलावतात. पैशांचे बोलणे होत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

उत्तर : दाट तिथीला पूर्ण दर आणि तिथी नसलेल्या दिवशी नात्याची सवलत, हा नियम एकदा घरातल्या मोठ्या माणसांसमोर सांगून टाकावा. ज्या मुलीला काही द्यावेसे मनापासून वाटते, तिला साखरपुड्याचा मेकअप आहेर म्हणून करून द्यावा. साखरपुडा सोयीच्या दिवशी ठेवता येतो. कुरकुर होईल, आणि ती एका हंगामात विरून जाईल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी सिडकोत फोटोग्राफीचा व्यवसाय करतो. मे महिन्यातील लग्नांचे अल्बम दिवाळीपर्यंत पुरतात. पावसाळ्यात लग्ने नसूनही आम्हाला एक दिवस मोकळा मिळत नाही आणि ग्राहकांचा तगादा वेगळाच.

उत्तर : आपला उशीर बहुधा एडिटिंगमध्ये नाही, फोटो निवडण्यात आहे. तीन-चार हजार फोटोंचा पेनड्राइव्ह हाती ठेवून 'यातले दोनशे निवडा' असे सांगितले की ते कुटुंब दोन-तीन महिने काहीच करत नाही आणि मग अचानक अल्बम कुठे आहे, असे विचारते. पहिली निवड आपणच करावी. साडेतीनशे फोटो द्यावेत, निवडीला एकवीस दिवसांची मुदत ठेवावी आणि मुदतीत उत्तर न आल्यास आपल्या निवडीनुसार अल्बम छपाईला जाईल, असे करारातच नमूद करावे.

पैशांचा शेवटचा हप्ता अल्बम हाती दिल्यावर घेण्याची पद्धत हे तगाद्याचे दुसरे मूळ आहे, कारण त्यामुळे दोन्ही बाजूंना एकमेकांच्या मागे लागावे लागते. हा हप्ता फोटोंच्या निवडीच्या वेळी घ्यावा. दिंडोरी-निफाडकडील बागायतदारांच्या बाबतीत तर आधीचा हप्ता एप्रिलमध्येच मागणे शहाणपणाचे ठरते, कारण द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल चालतो आणि व्यापाऱ्याचे पैसे त्याच सुमारास हाती येतात. जूनमध्ये तोच पैसा पेरणीत किंवा बागेच्या मशागतीत गेलेला असतो.

आणि सुट्टीचे म्हणाल, तर आपल्या व्यवसायाइतके आगाऊ वेळापत्रक फार थोड्या धंद्यांना मिळते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नांपर्यंतचा चातुर्मास दर वर्षी ठरलेलाच. २०२६ मध्ये तर १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ असल्याने ऐन उन्हाळ्यातला जवळजवळ महिना लग्नांविना गेलेला दिसेल. नवे पंचांग हाती येताच अशा काळातले दोन आठवडे आधी स्वतःच्या नावावर टाकावेत. बुकिंगची वही त्यानंतर उघडावी. सुट्टीवर जाण्यापूर्वी मात्र प्रत्येक लग्नाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर ठेवलेली असावी. त्याशिवाय झोप लागणार नाही.

प्रश्न : गंगापूर रोडवर आमचे लॉन्स आहे आणि आम्ही त्याच आवारात राहतो. सिंहस्थात लग्ने होणार नाहीत, असे सगळे म्हणतात, म्हणून सध्या मिळेल ती तारीख घेत आहोत. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे. घरात दुसरा विषयच उरलेला नाही.

उत्तर : गुरू सिंह राशीत असताना विवाह करू नयेत, अशी समजूत गोदाकाठी जुनी आहे, परंतु त्याविषयी पंचांगकर्त्यांमध्ये एकमत नाही आणि ग्राहक आपापल्या गुरुजींचे ऐकतात. तेव्हा व्यवसाय थोडा घटेल असे धरावे, बंद पडेल असे धरू नये. तारखाही पाहा. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि नाशिकची अमृतस्नाने २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट व ११ सप्टेंबर या दिवशी आहेत. तिन्ही स्नाने चातुर्मासात येतात, म्हणजे रस्ते सर्वाधिक भरतील ते दिवस आपल्या हंगामाबाहेरचे आहेत. भीतीपोटी आज घेतलेली प्रत्येक तारीख म्हणूनच पुन्हा तपासून पाहावी.

तपासण्याची रीत सोपी आहे. लागोपाठच्या दोन तिथींपैकी दुसऱ्या कार्याचा खर्च वेगळा मांडा : रात्रीतून करावी लागणारी स्वच्छता, मंडपवाल्याची जादा माणसे, कामगारांच्या जादा तासांचे दुप्पट वेतन आणि बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीच्या बदल्यात द्यावी लागणारी सुट्टी. हे वजा केल्यावर दुसऱ्या तिथीची शिल्लक बहुतेक मालकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी निघते. शिवाय हल्ली हळदच लग्नापेक्षा मोठी होऊ लागल्याने एका बुकिंगमध्ये दोन रात्री जातात, आणि दर मात्र जुन्याच हिशेबाने, एका दिवसाचा लावला जातो. हळदीचा दर वेगळा लावावा. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकावर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार बंदी आहेच. ती अट पावतीवर छापावी, म्हणजे डीजेशी वाद घालायला रात्री आपल्याला खाली उतरावे लागणार नाही.

मुलीच्या परीक्षेसाठी फेब्रुवारी-मार्चमधील तारखा आजच वहीत 'बुक' म्हणून लिहाव्यात. संपूर्ण महिना बंद ठेवणे परवडत नसेल तर त्या काळात फक्त दिवसाची कार्ये घ्यावीत आणि हळदी नाकाराव्यात. एवढ्यानेही भागत नसेल, तर तेवढे दोन महिने तिच्यासह शहरात एखादे छोटे घर भाड्याने घ्यावे आणि आवाराच्या किल्ल्या व्यवस्थापकाकडे द्याव्यात. एका हळदीच्या उत्पन्नात ते भाडे निघेल.