डिसेंबरच्या सुट्टीत सासू-सासरे आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला तीन रात्रींसाठी जावं का? नॉर्दर्न लाइट्स (अरोरा, म्हणजे रात्री आभाळात दिसणारा ध्रुवीय प्रकाश) नक्की दिसतील का?

तीन रात्रींसाठी जाणार असाल तर नका जाऊ. पाच-सहा रात्री काढता येत असतील तर जरूर जा, सासू-सासऱ्यांना घेऊनच जा, आणि मुलाच्या शाळेचं जमत असेल तर नाताळ सोडून जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत जा. "नक्की दिसतील का" याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून तिकीट घेऊ नका.

आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. आई-बाबा रत्नागिरीहून तीन महिन्यांसाठी आले होते. लेक साडेचार वर्षांची होती आणि इथे शाळेची सक्ती पाचव्या वर्षापासून, म्हणून जानेवारी जमला. नॉर्वे युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे आई-बाबांना वेगळा व्हिसा लागला नाही. ऑस्लोला विमान बदललं की आणखी दोन तासांत ट्रॉम्सो. १६ जानेवारीला पोचलो, २२ ला निघालो.

सगळे आधी थंडीचं विचारतात. गाव आर्क्टिक वृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, म्हणून बाबांनी घरातले सगळे स्वेटर एकावर एक चढवायची तयारी केली होती. प्रत्यक्षात अटलांटिकमधला उबदार प्रवाह या किनाऱ्याला येऊन लागतो, त्यामुळे जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चारच्या आसपास असतं आणि बंदरातलं पाणी गोठत नाही. डोंगरात किंवा फिनलंडच्या बाजूला आत गेलात की पारा उणे वीसच्याही खाली जातो, पण गावात तशी थंडी क्वचित.

खरी अडचण या उबेमुळेच होते. आज बर्फ पडतो, उद्या पारा शून्याच्या वर जाऊन पाऊस पडतो, परवा ते सगळं गोठतं. मग फुटपाथवर काच पसरल्यासारखा गुळगुळीत बर्फ. मुख्य रस्त्यावर काही ठिकाणी जमिनीखालून गरम पाणी फिरवून तो वितळवतात, बाकी ठिकाणी बारीक खडी टाकतात, पण गाव चढउतारांचं आहे. पहिल्याच संध्याकाळी हॉटेलातून किराणा दुकानात जाताना बाबा घसरले. मनगटावर पडले. हाड वाचलं, पण तीन दिवस हात सुजलेला. बूट भारी घेतले होते मी, जाड तळव्याचे, "ग्रिपवाले". त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. तिथले लोक बुटांवर रबरी पट्ट्याने खिळे चढवतात, त्याला ते ब्रॉडर म्हणतात. कुठल्याही खेळाच्या दुकानात किंवा मोठ्या किराणा दुकानात मिळतात. पोचल्यावर जेवणाच्याही आधी ते घ्या, प्रत्येकासाठी घ्या. दुकानात शिरताना काढायचे, कारण फरशीवर उलटे तेच घसरतात. तिथल्या सत्तरीच्या आज्या हे खिळे लावून हातात पिशव्या घेऊन उतारावरून तुरुतुरु चालत होत्या आणि आम्ही चौघं एकमेकांना धरून, पंढरीच्या वाटेवर चिखल लागावा तसे. (तातडीचं नसेल तेव्हा डॉक्टरसाठी ११६११७, रुग्णवाहिकेसाठी ११३. प्रवासाचा विमा काढलेला असू द्या.)

कपड्यांचं दोन ओळींत. अंगाला लागून लोकर, सुती बनियन नको. सुती कापड घामाने ओलं होतं आणि मग हुडहुडी भरते. बुटात जाड मोजे घालून बोटं हलली पाहिजेत, म्हणून बूट एक नंबर मोठे. आणि प्रत्येकाच्या बाहीला चमकणारी पट्टी, तिथे ती बालवाडीतल्या पोरांपासून कुत्र्यांपर्यंत सगळ्यांना असते.

आता अंधाराचं. २७ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य दिसेनासा होतो तो १५ जानेवारीपर्यंत क्षितिजावर येत नाही, आणि दक्षिणेला डोंगर असल्यामुळे गावातून तो पुन्हा दिसायला २१ जानेवारी उजाडते. माझी कल्पना होती की म्हणजे दीड महिना काळाकुट्ट. तसं नाही. अगदी २१ डिसेंबरलासुद्धा दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त तीनेक अंश खाली असतो. त्यामुळे साडेनऊ ते पावणेदोन असा चारेक तासांचा उजेड मिळतो. पण तो आपल्याकडचा उजेड नाही. आधी सगळा बर्फ निळा होतो, मग दक्षिणेला गुलाबी-केशरी पट्टा येतो, तो सरकत सरकत पश्चिमेकडे जातो आणि विझतो. पहाट उगवते आणि सूर्य न दाखवताच तिची संध्याकाळ होते.

इथे बाबांचं सांगायलाच हवं. ते निवृत्त शिक्षक, रत्नागिरीचे, म्हणजे टिळकांचे भक्त असणं ओघानेच आलं. टिळकांनी १९०३ साली ग्रंथ लिहून मांडलं होतं की वैदिक आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावं. ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत एकामागून एक अनेक उषा येतात, सूर्य मात्र लवकर उगवत नाही, ही त्यांची एक मुख्य साक्ष. इतिहासकार आज हा सिद्धांत मानत नाहीत, आणि टिळकांना अभिप्रेत असलेली महिनाभराची पहाट बघायला ट्रॉम्सोच्याही खूप उत्तरेला, ध्रुवापाशी जावं लागेल. हे मी बाबांना सांगितलं. ते खिडकीशी सुजलेला हात मांडीवर घेऊन बसले होते, सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि समोरच्या डोंगरामागे तो गुलाबी पट्टा गेला तासभर तसाच होता. म्हणाले, "ते असू दे. पण मंडालेच्या तुरुंगाच्याही आधी, पुण्यात बसून, नुसत्या पोथ्या वाचून माणसाला हे डोळ्यांपुढे आणता आलं, हे बघ." मग मी काही बोललो नाही.

म्हणून म्हणतो, तुमची सहल या चार तासांभोवती आखा. अरोरा रात्रीची गोष्ट, ती ढगांच्या मर्जीवर. हा उजेड रोज मिळतो, ढग असले तरी. आमचा दिनक्रम असा होता: साडेनऊला नाश्ता उरकून बाहेर, एक-दीडला परत, जेवण, सगळ्यांची झोप, मग संध्याकाळी जमलं तर पुन्हा. सासऱ्यांच्या वयाला आणि सहा वर्षांच्या पोराला हेच मानवेल. नाहीतर रात्री दोनपर्यंत अरोरा, सकाळी आठला कुत्र्यांची गाडी, असं वेळापत्रक करून लोक भांडत परततात.

त्या चार तासांत काय करायचं? गाव एका बेटावर आहे, पूल ओलांडला की ट्रॉम्सडालेन. तिथे आर्क्टिक कॅथेड्रल, १९६५ सालचं, बर्फाच्या लाद्या एकमेकीला टेकवून ठेवल्यासारखं पांढरं त्रिकोणी देऊळ. आईने आत जाताना चप्पल काढायच्या सवयीने बूट काढायला घेतले होते. त्याच्यापुढे फ्येलहाइसेन नावाचा रोपवे, चार मिनिटांत ४२१ मीटरवर. दुपारी बाराच्या आसपास वर असा, सगळं बेट, दोन्ही पूल आणि निळे डोंगर खाली दिसतात. वारा असला की रोपवे बंद होतो, म्हणून पहिला चांगला दिवस मिळाला की आधी तो उरका. डोंगराला हजारावर दगडी पायऱ्याही आहेत, त्या बांधायला नेपाळहून शेर्पा आणले होते. हिवाळ्यात त्या वाटेला जाऊ नका.

लेकीला मात्र यातलं काहीच आठवत नाही. तिला आठवते ती प्रेस्टवान्नेत तळ्याजवळची उतरण. प्लॅस्टिकची, हाताला दांडी असलेली छोटी घसरगाडी मिळते दुकानात, अगदी स्वस्त. तिच्यावर बसून ती दोन तास खाली-वर करत होती, भोवती तिथली पोरं, अंधार पडलेला, कपाळावर दिवे लावलेले. फुकट करमणूक. पोलारिया या मत्स्यालयातल्या सीलना खाऊ घालण्याची वेळ तेवढी विचारून जा. आणि पाय दुखले की सार्वजनिक वाचनालय: मोठाल्या काचा, उबदार, मुलांचा वेगळा कोपरा, कुणी हटकत नाही. आई तिथे स्वेटरचं विणकाम घेऊन बसली होती आणि समोरची एक बाई स्वतःचं विणकाम दाखवायला आली. भाषा एकीला नाही, दुसरीलाही नाही, अर्धा तास गप्पा.

व्हेल बघायची बोट आम्ही मुद्दाम टाळली. व्हेल सध्या शेर्वेच्या बाजूला येतात, ते लांब आहे, बोटीत पूर्ण दिवस जातो आणि समुद्र खवळलेला असतो. सासू-सासऱ्यांना नका नेऊ.

रेनडिअरला जरूर जा. सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं ते चालवतात, तंबूत शेकोटीभोवती बसवून स्वतःबद्दल सांगतात. एक सांभाळा: "तुमच्याकडे रेनडिअर किती?" असं विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याने बँकेत किती शिल्लक आहे विचारावं, तसं ते आहे. बाबांनी बरोबर तेच विचारलं. तो माणूस हसून म्हणाला, "झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत." जेवणात रेनडिअरचा रस्सा असतो, शाकाहारी असाल तर नाव नोंदवतानाच सांगा.

खाण्याचं म्हणाल तर बाबा माळकरी, आई मासे खाणारी. आई खूश होती. जानेवारीत ताजा कॉड मिळतो, आणि सुकवलेला कॉड दुकानात पाकिटात मिळतो; तिने वास घेतला आणि म्हणाली, "आपल्या सुक्या बाजाराचाच भाऊ." बाबांसाठी स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्यायला हवं होतं, ही माझी चूक, तुम्ही करू नका. हॉटेलच्या किटलीवर रेडीमिक्स उपमा-पोहे आणि मेतकूट-भात किती दिवस खाणार? बाहेरचं जेवण महाग, क्रोनरला आठ-नऊ रुपये धरा आणि साधं सूपही हजाराच्या पुढे जातं. किराणा दुकानात राय नावाच्या धान्याचे कुरकुरीत पापड, तपकिरी गोडसर चीज (ते बाबांना खरवसाच्या वडीसारखं वाटलं), नळाचं पाणी प्यायला उत्तम. आणि भारतातून तूप, पेढे, खवा नेऊ नका, युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. चटणी, मेतकूट, चकली चालतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि तुम्ही म्हणताय त्या सुट्टीत २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत जवळजवळ सगळंच बंद. नाताळात जाऊ नका म्हणतो ते यासाठीही.

आता अरोरा. सूर्याकडून येणारे भारित कण चुंबकीय क्षेत्राबरोबर ध्रुवाभोवतीच्या कड्यात उतरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा पेटतो. ट्रॉम्सो त्या कड्याच्या बरोबर खाली आहे, म्हणजे वर काहीतरी बहुतेक रात्री चालूच असतं. प्रश्न ढगांचा. किनाऱ्यावर ढग अडकतात, डोंगरापलीकडे शीबोत्न गावापाशी किंवा थेट फिनलंडच्या हद्दीवर आभाळ मोकळं सापडतं. म्हणून मिनीबसवाले दोन-अडीच तास गाडी पळवतात. माणशी हजार-दीड हजार क्रोनर. 'यर' हे तिथलं हवामानाचं अॅप फोनवर घ्या आणि त्यातलं ढगांचं पान बघत जा. त्या "आज शक्यता किती" वाल्या आकड्यांपेक्षा ते कामाचं. टूर आधीच सगळ्या रात्रींची नोंदवू नका, पोचल्यावर हवा बघून एक ठरवा.

आमच्या पहिल्या तीन रात्री ढग. चौथ्या रात्री बाबा आणि लेक हॉटेलात झोपले, बायको त्यांच्यापाशी थांबली, मी आणि आई गेलो. फिनलंडच्या हद्दीजवळ, उणे बावीस. आधी नुसता राखाडी पट्टा, फोनमध्ये हिरवा, डोळ्यांना ढगच. हे आधी सांगून ठेवा घरच्यांना, नाहीतर "एवढ्यासाठी आणलंस?" ऐकावं लागतं. मी ऐकलं. मग साडेअकराला तो पट्टा एकदम हलायला लागला, खालच्या कडेला गुलाबी झाला. आई बराच वेळ मान वर करून उभी होती. म्हणाली, "ओलं पातळ झटकून वाळत घालतंय कुणीतरी." दहा मिनिटं. मग परत राखाडी.

बायकोने पाचव्या रात्री हॉटेलच्या मागच्या पार्किंगमधून अरोरा बघितली, ब्रश करता करता, फुकटात. तिने ते अजून मला विसरू दिलेलं नाही.

२१ जानेवारीला सूर्य परत येण्याचा दिवस, त्याला तिथे सूलडागेन म्हणतात. बेकऱ्यांसमोर रांगा, सगळे सूलबोल्ले घेतात, म्हणजे तळलेला, आत जॅम भरलेला गोल पाव. आम्हीही पाच घेतले आणि बंदरावर जाऊन उभे राहिलो. सूर्य ढगात होता. बाबांनी तरीही दक्षिणेकडे तोंड करून बऱ्या हाताने नमस्कार केला, पाव अर्धा खाल्ला आणि मग विचारलं, "यात अंडं नाही ना रे?" वारा फार होता, मला ऐकू आलं नाही.